तडीपार : एका शब्दाची हद्द

आमच्या हडपसरात सय्यदनगरच्या रेल्वे फाटकापलीकडे राहणाऱ्या एक खाला काही वर्षांपूर्वी असरच्या नमाजनंतर माझ्याकडे एक कागद घेऊन आल्या. मी शाळेत शिकवीत असल्याने मोहल्ल्यातले लोक अर्ज लिहून घ्यायला, नोटीस वाचून घ्यायला येत असतात. कागद दोन पानांचा होता आणि सरकारी मराठीत लिहिलेला होता. खालांच्या धाकट्या मुलाला विचारणा केली होती की, पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण जिल्ह्याच्या हद्दीतून तुम्हांस तडीपार का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा. मी वाचून दाखवले. खालांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, तडीपार म्हणजे कोणत्या जेलात ठेवतात?"

मी म्हणालो, "जेल नाही खाला. जिल्ह्याच्या बाहेर राहायचं फक्त."

"मग ठेवतात कुठं?"

"कुठंच ठेवत नाहीत. ज्याचं त्यानं बघायचं."

खालांना ते पटले नाही. सरकार एखाद्याला घरातून काढते, तर त्याला कुठेतरी ठेवतही असेल, जेवायला देत असेल, असा त्यांचा साधा हिशेब होता. मला वाटले, या अडाणी समजल्या जाणाऱ्या बाईने कायद्याच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवले आहे. तडीपारीचा हुकूम माणसाने कुठे राहू नये हे सांगतो, कुठे राहावे हे सांगत नाही. त्या दिवसापासून या शब्दाच्या मागे लागलो. हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

शब्दाचे कूळ

'तड' म्हणजे काठ, किनारा. एखादे काम 'तडीस नेले' असे आपण म्हणतो, तेव्हा नाव किनाऱ्याला लावल्याचीच ती प्रतिमा असते. 'पार' म्हणजे पलीकडे. तडीपार म्हणजे काठाच्या पलीकडे घालवलेला. ज्या काळी नदी हीच मुलखाची सीमा होती, त्या काळाची खूण या शब्दात राहून गेली आहे.

आणि गंमत अशी की, पुणे जिल्ह्याच्या बाबतीत हा शब्द आजही अक्षरशः खरा आहे. हडपसरच्या गाडीतळावरून सोलापूर रस्त्याने निघालेला माणूस इंदापूर ओलांडून भीमेच्या पुलावरून पलीकडे गेला की सोलापूर जिल्हा लागतो. नगर रस्त्याने गेला तर शिरूरला घोडनदी ओलांडावी लागते, पलीकडे पूर्वीचा अहमदनगर म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. सातारा रस्त्याने गेला तर शिरवळच्या अलीकडे नीरा नदी. तिन्ही रस्त्यांवर एकेका नदीची तड आहे. ती पार केली की माणूस तडीपार झाला.

दुसरा शब्द 'हद्दपार'. यातला 'हद्द' अरबी आहे. मराठीने तो घेतला आणि 'पार' जोडून आपलासा केला. अरबीत हद्द म्हणजे मर्यादा, सीमा. आणि फिकहच्या भाषेत ठरवून दिलेली शिक्षा, जिचे अनेकवचन हुदूद. मराठीत मात्र तो गावाचा शिवार, ठाण्याची सीमा, राज्याची वेस एवढ्यापुरताच राहिला. वृत्तपत्रांत तडीपार आणि हद्दपार हे शब्द बहुधा एकाच अर्थाने येतात, पण बारकाईने पाहिले तर हद्दपारचा पैस मोठा आहे. परदेशी नागरिकाला देशाबाहेर पाठवणे हीही हद्दपारीच. तडीपारी मात्र आपल्याच देशाच्या नागरिकाची, आपल्याच देशात, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात.

तिसरा शब्द उर्दूतला, आपल्या घरांत कानावर पडणारा : जिलावतन. यात 'जिला'चा जिल्ह्याशी काही संबंध नाही. मूळ अरबी शब्द 'जला', म्हणजे मुलूख सोडून जाणे. कुरआन शरीफच्या सूरह हश्रमध्ये मदीनेतून बाहेर पडलेल्या बनू नजीरच्या संदर्भात हा शब्द आला आहे. जिलावतन म्हणताना वतन सुटल्याचे दुःख ऐकू येते. हद्दपार म्हणताना सरकारचा नकाशा दिसतो. तडीपार म्हणताना पोलीस ठाण्यातली फाईल दिसते. तीन शब्द, पण माणूस एकच.

हडपसरच्या माळावरून

आम्ही हडपसरकर या विषयाकडे पाहताना आपल्याच माळाचा इतिहास विसरतो. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या परिसरात यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला, कोकणातून वसईला पोहोचला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून बसला. त्या तहाने गादी परत मिळाली, पण स्वातंत्र्य गेले. १८१८ च्या जूनमध्ये त्याने माल्कमपुढे शरणागती पत्करली. अटी अशा होत्या की, राज्यावरचा हक्क सोडायचा, दख्खनमध्ये पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, आणि गंगेकाठी राहायचे. वर्षाला आठ लाख रुपये तनखा. कानपूरजवळ बिठूर म्हणजे ब्रह्मावर्त येथे तो १८५१ साली वारला. तेहतीस वर्षांत त्याला पुणे दिसले नाही.

म्हणजे पुण्याचा सर्वांत मोठा तडीपार हा पुण्याचा पेशवाच होता! फरक एवढाच की त्याला कुठे राहायचे ते सांगितले होते आणि खायला आठ लाख दिले होते. खालांच्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजांनी निदान पेशव्याच्या बाबतीत दिले होते.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्या वाट्याला हेच आले. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले, तिथे वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले. त्याचा उपयोग झाला नाही. १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीतच वारले. पुढे १८५७ चा उठाव मोडल्यावर बहादूरशाह जफर यांना दिल्लीहून रंगूनला नेले आणि १८६२ मध्ये तिथेच त्यांची माती झाली. १८८५ मध्ये ब्रह्मदेश जिंकल्यावर तिथल्या थिबा राजाला इंग्रजांनी कुठे आणले? आपल्या रत्नागिरीला. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात. १९१६ मध्ये थिबा राजाही रत्नागिरीतच वारला. त्याचा राजवाडा आजही उभा आहे.

या राजेलोकांच्या कहाण्या आपण हळहळून वाचतो. पण त्यातून राज्यकर्त्यांनी एक तत्त्व पक्के केले, ते नीट ओळखले पाहिजे. माणसावर गुन्हा शाबीत करण्याची गरज नाही. त्याला त्याच्या माणसांपासून, त्याच्या जमिनीपासून तोडले की तो निष्प्रभ होतो. तो काय बोलतो, काय करतो याला अर्थ त्याच्या गावातच असतो. गावाबाहेर तो नुसता एक मनुष्य.

खटल्याविना

हे तत्त्व कायद्यात उतरायला वेळ लागला नाही. बंगालसाठी १८१८ चा तिसरा रेग्युलेशन आणि मुंबई इलाख्यासाठी १८२७ चा पंचविसावा रेग्युलेशन, हे दोन्ही खटला न चालवता माणसाला अडकवून ठेवण्याची मुभा देणारे होते. पुण्यात याचा गाजलेला वापर १८९७ मध्ये झाला. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमामुळे लोक चिडले होते. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात पुण्याचे सरदार नातू बंधू यांना १८२७ च्या रेग्युलेशनखाली पकडले. त्यांची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली. त्यांच्यावर खटला मात्र कधीच चालला नाही. विलायतेच्या पार्लमेंटातही यावर प्रश्न विचारले गेले.

१९०७ मध्ये लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना १८१८ च्या रेग्युलेशनखाली मंडालेला नेले, तेही खटल्याविना. १९०८ मध्ये टिळकही मंडालेला गेले, पण त्यांच्यावर मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला होता, ज्युरी बसली होती, सहा वर्षांची शिक्षा झाली होती. ठिकाण एकच, पण मार्ग वेगळे. एक शिक्षा होती आणि दुसरी नुसता सरकारी हुकूम. आपण बोलताना दोघांनाही 'हद्दपार' म्हणतो आणि हा भेद पुसून टाकतो. देवबंदचे शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांना पहिल्या महायुद्धात हिजाजमध्ये पकडून माल्टा बेटावर ठेवले. तेही हुकमाचेच बंदी होते. १९२० मध्ये ते परतले आणि त्याच वर्षी त्यांचा इंतकाल झाला.

मोठ्यांचे असे झाले, तर छोट्यांचे काय? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, मांग गारुडी अशा अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. तिथे उलटी रीत होती. बाहेर घालवण्याऐवजी तारेच्या कुंपणात कोंडायचे. सोलापूरचे सेटलमेंट प्रसिद्ध आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. पण 'हा तसलाच' ही नजर कायद्याबरोबर संपली नाही. गुन्हा काय केला यापेक्षा माणूस कोण आहे हे आधी पाहणारी ती नजर आहे.

आजचा कायदा

आज महाराष्ट्रात तडीपारी होते ती १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाखाली. त्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याआधी मुंबई शहरासाठी १९०२ चा शहर पोलीस कायदा होता, त्याच्या २७ व्या कलमात हीच तरतूद होती. म्हणजे राज्य बदलले, कलमाचा आकडा बदलला, तरतूद राहिली.

कलम ५५ टोळ्यांसाठी आहे. कलम ५७ आधी शिक्षा झालेल्यांसाठी आहे. आणि सर्वांत जास्त कानावर येते ते कलम ५६. ज्याच्या हालचालींमुळे लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला भीती, धोका, इजा पोहोचते, किंवा जो मारहाण, जबरदस्तीचे गुन्हे करीत आहे वा करण्याच्या बेतात आहे असे मानायला सबळ कारण आहे, आणि ज्याच्या दहशतीमुळे साक्षीदार उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, अशांसाठी ते आहे. याच कलमात आणखी एक पोटकलम आहे. बाहेरून आलेल्या माणसाच्या राहण्यामुळे साथीचा रोग पसरेल असे वाटले तरी त्याला काढता येते. प्लेगच्या दिवसांची आठवण व्हावी असे हे पोटकलम आहे.

पुण्यासारख्या आयुक्तालयाच्या शहरात हा हुकूम पोलीस उपायुक्त काढतात, इतरत्र जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. हुकूम मोडून परत आला तर अटक करून पुन्हा हद्दीबाहेर सोडता येते आणि खटला चालवून दोन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. म्हणजे मूळ हुकमासाठी न्यायालयात काही शाबीत करावे लागत नाही, पण आपल्याच घरी आला हा गुन्हा मात्र शाबीत होतो.

या माणसाला काहीच हक्क नाहीत असे नाही. कलम ५९ प्रमाणे हुकमाआधी लेखी नोटीस द्यावी लागते, आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप कळवावे लागते, म्हणणे मांडायची आणि साक्षीदार आणायची संधी द्यावी लागते, वकील देता येतो. कलम ६० प्रमाणे तीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. आणि कलम ६३ प्रमाणे काही काळापुरते परत येण्याची परवानगी मागता येते. या शेवटच्या कलमाविषयी पुढे सांगणार आहे.

अडचण 'सर्वसाधारण स्वरूप' या दोन शब्दांत आहे. साक्षीदार घाबरलेले असतात, म्हणून त्यांचे जबाब गुप्तपणे घेतले जातात. त्यांना इन-कॅमेरा जबाब म्हणतात. नाव नाही, नेमकी जागा नाही, नेमकी तारीख नाही. 'सदर इसमाने एका व्यापाऱ्यास चाकूचा धाक दाखवला' एवढेच. आता ज्याच्यावर आरोप आहे त्याने काय उत्तर द्यायचे? कोणता व्यापारी, कोणता दिवस? मी त्या दिवशी कामावर होतो हे तो दाखवणार कसे? पंढरीनाथ रांगणेकर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सांगितले की, सगळा तपशील दिला तर साक्षीदार ओळखू येतील आणि कायद्याचा हेतूच फसेल. हेही खोटे नाही.

इथे आपण आपल्याशी प्रामाणिक असायला हवे. मोहल्ल्यात दादागिरी नसते असे कोण म्हणेल? हातगाडीवाल्याकडून हप्ता घेणारा, पोरीबाळींना रस्त्याने जाऊ न देणारा, गरिबाच्या घराला कुलूप लावून जागा बळकावणारा आपल्यातच असतो आणि त्याचा पहिला बळीही आपल्यातलाच असतो. त्याच्याविरुद्ध कोर्टात उभे राहायची कोणाची छाती होत नाही. असा माणूस वर्षभर गेला तर गल्ली मोकळा श्वास घेते. मी अशी माणसे पाहिली आहेत. म्हणून तडीपारी म्हटली की ती जुलमीच, असे म्हणणे त्या हातगाडीवाल्यावर अन्याय करणारे आहे. प्रश्न कायदा असावा की नसावा एवढाच नाही. तो कोणावर, कशाच्या आधारे आणि किती काळजीने वापरला जातो, हा आहे.

न्यायालयाच्या दारात

संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने देशभर कुठेही फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क नागरिकाला दिला. त्याला वाजवी बंधने घालण्याची मुभाही त्याच अनुच्छेदात आहे. संविधान लागू झाल्यावर काही महिन्यांतच हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नेणारा माणूस मराठी होता. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे, मध्य प्रांताचे माजी मुख्यमंत्री आणि हिंदू महासभेचे नेते. १९५० मध्ये त्यांच्या कारवायांनी जातीय तेढ वाढेल या कारणास्तव त्यांना दिल्लीतून तीन महिन्यांसाठी बाहेर काढण्यात आले. पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी हुकमामागचा कायदा वैध ठरवला, दोघांनी विरोध केला. वैध म्हणणाऱ्यांत न्यायमूर्ती सय्यद फजल अली होते. खऱ्यांचे विचार आपल्याला पटणारे नाहीत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न पुढे ज्याच्या हाती तडीपारीची नोटीस पडली त्या प्रत्येकाचा प्रश्न आहे. नागरिकाचा हक्क त्याच्या विचारांवर अवलंबून नसतो.

१९५६ मध्ये मुंबईच्या हरि खेमू गवळी यांच्या खटल्यात कलम ५७ वैध ठरले. तेव्हापासून कायदा टिकला आहे. पण टिकलेल्या कायद्याखालचे हुकूम मात्र अनेकदा पडले.

दिल्लीच्या प्रेमचंद या पाणी विकणाऱ्या माणसाची गोष्ट वाचण्यासारखी आहे. पोलीस त्याला असंख्य खटल्यांत साक्षीदार म्हणून उभे करीत. एक दिवस त्याने खोट्या साक्षी द्यायला नकार दिला आणि त्याच्यावरच तडीपारीची कारवाई सुरू झाली. १९८० च्या सुमारास न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे प्रकरण आले आणि कारवाई थांबली. ज्या कायद्याचा आधारच 'साक्षीदार पुढे येत नाहीत' हा आहे, तो कायदा पोलिसांच्या ठेवणीतल्या साक्षीदारावर उलटवला गेला होता.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण अमरावतीचे आहे. रहमत खान या पत्रकाराने माहितीच्या अधिकारात अर्ज करून मदरशांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानात गैरव्यवहार असल्याचा प्रश्न लावून धरला. त्यानंतर त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले आणि अमरावती शहर व ग्रामीण भागातून एक वर्षासाठी तडीपारीचा हुकूम निघाला. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तडीपारीसारखा कठोर उपाय अपवादात्मक प्रसंगीच योजावा, क्षुल्लक कारणासाठी नागरिकाचा फिरण्याचा हक्क काढून घेता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. या प्रकरणात आपल्याला विचार करायला लावणारी गोष्ट वेगळी आहे. पैसे आपल्या मुलांच्या शिक्षणाचे, हिशेब विचारणारा आपल्यातलाच. अशा माणसाच्या पाठीशी त्याचा मोहल्ला उभा राहतो का, हा प्रश्न न्यायालयाने नव्हे, आपण स्वतःला विचारायचा आहे.

जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या दीपक डोंगरे यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांनी आणखी स्पष्ट केले. अशा हुकमामुळे माणसाला आपल्या कुटुंबाबरोबर स्वतःच्या घरातही राहता येत नाही, त्याची रोजीरोटी जाऊ शकते. म्हणून हुकमामागे अधिकाऱ्याने खरोखर विचार केल्याचे दिसले पाहिजे. पूर्ण दोन वर्षे बाहेर का ठेवायचे, याचीही कारणे दिसली पाहिजेत. खालांनी माझ्या ओट्यावर बसून जे विचारले, तेच दिल्लीच्या न्यायपीठाने कायद्याच्या भाषेत म्हटले होते.

हजरत उमर यांचा निर्णय

इस्लामी परंपरेत हा विचार नाही असे नाही. सूरह माइदामध्ये वाटमारी आणि फसाद करणाऱ्यांच्या शिक्षांत 'जमिनीवरून दूर करणे' हीही एक शिक्षा आली आहे. इमाम अबू हनीफा यांनी तिचा अर्थ कैद असा लावला. त्यामागे व्यवहारी विचार दिसतो. एका शहराचा उपद्रव दुसऱ्या शहरावर ढकलणे हा न्याय कसा होईल?

हदीसच्या ग्रंथांत दुसऱ्या खलीफांविषयी एक प्रसंग आहे. हजरत उमर यांनी रबीआ बिन उमय्या याला दारू प्यायल्याबद्दल खैबरला घालवून दिले. तिथून तो रूमच्या कैसरकडे गेला आणि इस्लाम सोडून ख्रिस्ती झाला. हे कळल्यावर हजरत उमर यांनी यापुढे कोणाही मुसलमानाला जिलावतन करणार नाही असे ठरवले. आपण बाहेर घालवलेला माणूस कोणाच्या हाती पडतो याची जबाबदारी घालवणाऱ्यावर असते, हे त्यांनी ओळखले. हनफी फकीहांनीही पुढे हद्दपारीला ठरीव हद्द न मानता शासकाच्या विवेकावर सोडले.

आजच्या तडीपारीलाही हाच निकष लावून पाहावा. विशी-पंचविशीतला मुलगा परक्या जिल्ह्यात जातो. भाड्याने खोली घ्यायची तर ओळख लागते. काम मागायला गेला तर आधीच्या मालकाचे नाव विचारतात. त्याला कोण जवळ करणार? बहुधा त्याच्यासारखाच दुसरा तडीपार. परत येतो तेव्हा तो पूर्वीपेक्षा पक्का होऊन येतो आणि नावाला लागलेला शब्द मिरवू लागतो. १९९३ मध्ये याच नावाचा हिंदी सिनेमा निघाला, तेव्हापासून तर गल्लीतल्या पोरांना या शब्दाचे आकर्षणच वाटते. शिक्षेचा शब्द किताब होऊन बसला.

आणि अलीकडे हद्दपारीचा मोठा अर्थही दारात येऊन उभा आहे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रातून पकडून नेलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशच्या सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर परत आणावे लागले. परदेशी माणसाला कायद्याने परत पाठवण्याचा अधिकार सरकारला आहे. पण आपला कोण आणि परका कोण, हे भाषेवरून, नावावरून ठरवण्याची घाई झाली की तडीपार आणि हद्दपार यांतली रेघ पुसली जाते. म्हणून शब्द नीट ठेवले पाहिजेत. तडीपार झालेला माणूस नागरिकच असतो. त्याचा मताचा हक्क, घरावरचा हक्क, मुदत संपल्यावर परत येण्याचा हक्क शाबूत असतो.

कलम ६३

आता खालांच्या मुलाचे सांगतो. नोटिशीला उत्तर दिले, वकील दिला. त्याच्यावर काही गुन्हे होते, नव्हते असे मी म्हणणार नाही. वर्षभराचा हुकूम निघाला. अपील करायचे म्हणता म्हणता तीस दिवस निघून गेले, कारण वकिलाच्या फीची जुळवाजुळव होईना. मुलगा सोलापूर रस्त्याने गेला. भीमेच्या पलीकडे एका गावात खालांचा भाऊ होता, त्याच्याकडे राहिला. पुढे रमजान आला. खाला दर आठवड्याला कोणा ना कोणाबरोबर डबा पाठवीत. ईदच्या दिवशी सकाळी त्या माझ्या घरी शीरखुर्मा घेऊन आल्या, तेव्हा मी सहज विचारले, "लेक बोलला का फोनवर?" त्या म्हणाल्या, "बोलला. म्हणतो, अम्मी, इथून नदी दिसते. पलीकडं आपला जिल्हा."

त्या वर्षी मला कलम ६३ माहीत नव्हते. ईदसाठी, आजारपणासाठी, घरातल्या मयतीसाठी लेखी अर्ज करून काही दिवस येण्याची परवानगी मागता येते, हे मी नंतर वाचले. मिळाली असती की नाही, सांगता येत नाही. पण अर्ज तरी गेला असता. मोहल्ल्यात ज्याला लोक 'सर' म्हणतात त्याने नोटिशीची दोन पाने वाचली आणि कायद्याची पुढची दोन पाने वाचली नाहीत. याचा सल मला आहे.

म्हणून हा लेख. आपल्या वस्त्यांत वकील आहेत, शिक्षक आहेत, मशिदीच्या कमिट्या आहेत. तडीपारीची नोटीस आली की लोक एकतर पळून जातात, नाहीतर एजंटाला पैसे देतात. दोन्ही चूक. नोटीस घ्यावी, तारीख लिहून ठेवावी, उत्तर लेखी द्यावे, सुनावणीला हजर राहावे, पोच मागावी, तीस दिवस मोजावेत. आणि हुकूम झालाच तर त्या मुलाला त्या तडीवर एकटे सोडू नये. पलीकडच्या गावात त्याला एक खोली, एक काम आणि एक जाणता माणूस मिळेल हे पाहणे आपल्याला अशक्य नाही. कायदा 'कुठे' हे सांगत नाही. ते सांगायची जबाबदारी आपली आहे.

वर्ष संपल्यावर तो मुलगा परत आला. आता मंडईत भाजीच्या गाडीवर हमाली करतो. परवा खाला भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, "सर, तुम्ही म्हणाला होता कुठंच ठेवत नाहीत. खरंच कुठंच ठेवलं नाही हो."